सासऱ्यांचा हिरवा रंग

मुरबाड तालुक्यात युरियावर माझ्या सासऱ्यांइतकं प्रेम दुसऱ्या कुणी केलं नसेल, आणि युरियानं इतका दगाही दुसऱ्या कुणाला दिला नसेल. प्रेम म्हणतोय ते उगाच नव्हे. सासूबाईंवर त्यांचा जीव होता, बैलांवर होता, दोन्ही मुलींवर तर होताच. पण युरियाचं नाव निघालं की त्यांचा आवाज जसा हळुवार व्हायचा तसा या कुणाच्याही बाबतीत झालेला मी ऐकला नाही. 'युरिया' असं परक्यासारखं ते म्हणत नसत. 'दाना' म्हणत. कुणाच्या शेतावरून जाताना पीक थोडं फिकट दिसलं की बैलगाडी थांबवून ओरडायचे, "दाना नाय टाकलास वाटतं रे? उपाशी मारतोस काय त्याला?" शेतकऱ्यानं राम राम केला नाही तरी चालेल, पण दाना टाकलाच पाहिजे, असा त्यांचा धर्म होता. सिद्धगडाच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं गाव. पावसाळ्यात भात, आणि भात निघालं की त्याच जमिनीत विहिरीच्या पाण्यावर भेंडी आणि काकडी. लोक एकराला जेवढं खत घालत, तेवढं सासरे बांधाला घालत असावेत.

मी शहापूर तालुक्यातला, वाशिंदच्या एका कारखान्यात स्टोअरला. मुलगी बघायला गेलो तेव्हा मुलीनं मला बघायच्या आधी सासऱ्यांनीच मला बघितलं. म्हणजे भेंडीचं पान उलटं करून बघतात तसं बघितलं. माझा हात धरून उजेडात नेला, कोपरापर्यंत न्याहाळला, आणि भर बैठकीत सासूबाईंना म्हणाले, "पोरगा जरा पिवळा हाय. पन सुधरेल." लग्न ठरलं ते माझ्या या सुधारण्याच्या भरवशावर. लग्नाचा मंडप त्यांनी घरीच केला होता. रिकाम्या गोण्या उसवून, धुऊन, सासूबाईंच्या मशिनीवर एकीला एक शिवून एवढं मोठं छत तयार केलं की पाहुणे मान वर करून बघतच राहिले. भटजी मंगलाष्टका म्हणत होते, आणि अंतरपाटाच्या वर माझ्या डोळ्यांसमोर 'नत्र ४६ टक्के' ही अक्षरं वाऱ्यानं हलत होती. आमच्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत ती आहेत. आमची वरात कमी आणि खताचीच जाहिरात जास्त, असं माझे मित्र अजूनही म्हणतात.

गोणी हे त्या घरातलं मुख्य कापड होतं. खिडकीचे पडदे गोणीचे, उशीचे अभ्रे गोणीचे, बैलांच्या झुली गोणीच्या. पावसात सासरे डोक्यावर घ्यायचे ती खोळही गोणीची. लेंग्याच्या डाव्या खिशात तंबाखूची चंची आणि उजव्या खिशात पुडीत बांधलेला दाना. कुठल्याही गावी, कुठल्याही प्रसंगी जावं, तिथलं एखादं झाड त्यांना उपाशी दिसायचंच. एकदा एका नात्यातल्या माणसाच्या दहाव्याला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. घरातली माणसं रडत होती, आणि सासरे परसात जाऊन लिंबाच्या बुंध्याला हळूच पुडी सोडत होते. मी हटकलं तर म्हणाले, "मानूस गेला तो गेला जावईबापू, झाडाला कशाला मारायचा?" सासूबाईंची तुळस मात्र त्यांच्या या मायेनं जळून गेली. आठ दिवसांत तिची पानं तपकिरी झाली. सासूबाई त्यांच्याशी पंधरा दिवस बोलल्या नाहीत, आणि सासरे वृंदावनाभोवती अपराध्यासारखे फिरून फिरून एवढंच म्हणत राहिले, "जरा जास्त झाला."

जरा जास्त झाला, हे खरं तर सगळीकडेच म्हणायला हवं होतं. त्यांचं भात गावात सगळ्यात उंच वाढे, इतकं गर्द की लांबून काळं दिसे. आणि दिवाळीच्या तोंडाशी जरा वारा सुटला की सगळं आडवं होई. त्यावर तुडतुडे पडत. सासरे म्हणत, "अंगात ताकत जास्त झाली ना, म्हनून झोपलाय." जमीन उन्हाळ्यात इतकी टणक होई की नांगर उड्या मारी, आणि नांगरामागून येणारे बगळे इतर शेतांत किडे टिपायचे, पण सासऱ्यांच्या शेतात नुसते फिरून परत जायचे. शेताच्या खालच्या अंगाला ओढ्यात एक डोह होता. लग्नानंतर पहिल्यांदा मी तिथं आंघोळ केली तेव्हा तळाचे गोटे मोजता येत होते. चारेक वर्षांत त्यावर हिरवी साय धरली, आणि एका चैत्रात त्यातले मासे पांढरी पोटं वर करून काठाला लागले. मी सासऱ्यांना नेऊन दाखवलं. ते कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले. मासे त्यांना दिसलेच नसावेत. कारण शेवटी म्हणाले ते असं: "बघा, पानीसुदा हिरवा झाला!" आणि मी हसलो. सोमवारी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये हा किस्सा मी रंगवून सांगितला आणि सगळी टेबलं हसली. त्या हसण्याची आज मला लाज वाटते.

विहीर मात्र त्यांचा खरा अभिमान होता. गावातल्या विहिरी होळीनंतर तळाला जात. यांची वैशाखातही दोन पुरुष भरलेली असे. वरच्या वाडीतल्या बायका तिथून डोक्यावर हंडे नेत, आणि सासऱ्यांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही. म्हाताऱ्यांना तर ते स्वतः रहाट ओढून पाणी काढून देत आणि वर विचारत, "गोड हाय ना?" गोड आहे असं ऐकल्याशिवाय हंडा उचलू देत नसत. या विहिरीला लागूनच भेंडीचे वाफे होते आणि त्यांच्या आणि विहिरीच्या मध्ये हातभर रुंदीचा बांध, एवढंच.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. सुनीताला, म्हणजे माझ्या बायकोला, मार्चमध्ये मुलगी झाली आणि ती बाळंतपणानंतर माहेरीच राहिली. बाळ महिन्याचं झालं आणि सुनीताच्या छातीला गळू झालं. ताप, चिरा देणं, औषधं, दूध आटलं. मुरबाडच्या डॉक्टरांनी डब्याची पावडर लिहून दिली आणि पाणी चांगलं उकळून घ्या म्हणून बजावलं. सासऱ्यांनी ते फारच मनावर घेतलं. विहिरीचं पाणी ते स्वतः गाळून आणत, स्वतः चुलीपाशी बसत आणि पाणी अर्धं होईस्तोवर उकळवत. "माझ्या नातीला कच्चा पानी नाय चालायचा," असं म्हणत फुंकणी घेऊन बसलेला तो दांडगा माणूस बघून मला भरून आलं होतं. मी दर रविवारी शहापूरवरून एसटीनं जायचो. एका रविवारी सुनीता मला म्हणाली, "हिचे ओठ तुम्हाला कसे वाटतात हो?" मला ते सावळे वाटले. मी म्हटलं, आजोबांवर गेली असेल. पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा ती बाळाची नखं उजेडाला धरून बसली होती. नखं निळी होती. ओठ राखेच्या रंगाचे. बाळ रडत नव्हतं. रडणं ही किती चांगली गोष्ट असते ते मला त्या सकाळी कळलं. श्वास मात्र भराभर चालला होता, धावून आल्यासारखा.

गावात त्या वेळी मोटारीची चाकं म्हणजे एकच: सासऱ्यांच्या पुतण्याचा, रमेशचा टेम्पो. तो नेमका भेंडीच्या करंड्यांनी भरून कल्याणच्या बाजाराला निघत होता. सासरे अनवाणी धावत रस्त्यावर गेले. रमेश म्हणाला, "काका, पुढं बसा की तुमी, माल ऱ्हाऊ दे मागं, पोचवतो ना." पुढं एकाचीच जागा होती. सासऱ्यांनी मागची फळी पाडली, वर चढले आणि करंड्या पायानं ढकलून रस्त्यावर टाकायला लागले. स्वतःच्या हातानं वाढवलेली, एकेक बोटासारखी, काळपट हिरवी भेंडी धुळीत पसरली आणि टेम्पो तिच्यावरूनच निघाला. पुढं सुनीता बाळाला घेऊन. मागं सासूबाई, सासरे आणि मी, मोकळ्या फळ्यांवर. सासरे मधल्या खिडकीतून दर दोन मिनिटांनी ओरडत होते, "हाय ना गो?" आणि सुनीता मान न वळवता म्हणत होती, "हाय." मुरबाड येईपर्यंत हेच चाललं होतं.

मुरबाडच्या डॉक्टरांनी नळी लावून ऑक्सिजन दिला. पंधरा मिनिटं आम्ही बाळाच्या ओठांकडे बघत उभे होतो. रंग बदलला नाही. डॉक्टर तरुण होते, त्यांच्या कपाळावर घाम आला. म्हणाले, "हृदयाला छिद्र असू शकतं. कल्याणला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे न्या. आत्ताच न्या." कल्याणच्या त्या डॉक्टरीणबाई साठीच्या होत्या. त्यांनी छातीला नळी लावून खूप वेळ ऐकलं, मग मान हलवली. बाळाच्या टाचेतून रक्त काढलं, एक थेंब पांढऱ्या कागदावर सोडला आणि बघत राहिल्या. मीही बघितलं. रक्त लाल नव्हतं. चॉकलेटसारखं होतं. कागद हवेत हलवला तरी ते लाल होईना. बाईंनी चष्मा वर केला आणि विचारलं, "हिला पाणी कुठलं देता?"

सासरे पुढं झाले. एवढ्या घाबरलेल्या अवस्थेतही त्यांची छाती थोडी वर आली. "माझ्या इहिरीचा, बाई. गावात तसा पानी नाय. मी स्वता उकळतो. अर्धा आटवतो."

"विहीर कुठे आहे? शेतात?"

"शेताच्या मधोमध."

"खत घालता?"

"भरपूर!" सासरे म्हणाले. "मी काय कमी करीत नाय. दाना म्हनाल तर तालुक्यात माझ्याएवढा कोन टाकत नसंल."

बाईंनी तो कागद बाजूला ठेवला. मग त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, आणि ते सांगणं मला अजून शब्दाशब्दानं आठवतं. "दादा, पिकाला लागतं त्यापेक्षा जास्त घातलेलं खत कुठं जात नाही. ते पाण्याबरोबर खाली उतरतं आणि विहिरीत येतं. डोळ्यांना दिसत नाही, चवीला कळत नाही. तुम्हाला-आम्हाला ते पचतं. एवढ्याशा बाळाला पचत नाही, त्याच्या रक्ताला श्वास धरता येईनासा होतो. उकळून ते जात नाही. पाणी उडून जातं आणि ते राहतं. तुम्ही जेवढं आटवलंत, तेवढं ते दाट झालं." मग म्हणाल्या, पाणी तपासून घ्या, मी फक्त अंदाज करतेय. पण त्यांच्या चेहऱ्यावर अंदाज नव्हता.

त्यावर औषध होतं, एक निळं इंजेक्शन, आणि ते त्यांच्याकडे नव्हतं. कल्याणच्या सहा दुकानांत नव्हतं. सातव्या दुकानदारानं ठाण्याला फोन लावला. ते ठाण्याहून घेऊन मी परत येईपर्यंत तीन तास गेले. त्या तीन तासांत सासरे दवाखान्याच्या पायरीवर बसून होते आणि सासूबाई म्हणतात की त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नाही. कुणी पुढं केला की हात असा झिडकारत की ग्लास सांडे. इंजेक्शन निळंशार होतं. निळ्या पडलेल्या पोरीला आणखी निळं काहीतरी टोचताना बघून सुनीतानं तोंड फिरवलं. अर्धा तास झाला. मग पाऊण. आणि मग डाव्या हाताच्या करंगळीच्या नखाशी एक गुलाबी रेघ दिसली, इतकी बारीक की मला वाटलं मला भास होतोय. तासाभरात ती ओठांवर आली. बाळानं तोंड उघडलं आणि सगळा दवाखाना दणाणून सोडला. बाई हसल्या. म्हणाल्या, "आता लघवी हिरवी होईल, घाबरू नका. औषधाचा रंग आहे."

ते सासऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी सासूबाईंनी दुपटं बदललं आणि धुवायला त्यांच्या हातात दिलं. पांढऱ्या दुपट्यावर हिरवागार डाग होता. भेंडीच्या कोवळ्या पानाचा असतो ना, अगदी तसा. जन्मभर ज्या रंगासाठी हा माणूस जगला तो रंग हातात धरून ते नळापाशी उभे राहिले, आणि मग तिथंच उकिडवे बसून रडायला लागले. "सगळा हिच्यात उतरला गो, सगळा हिच्यात उतरला." औषधाचा रंग आहे म्हणून मी चारदा सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही.

तुम्हाला वाटेल, एवढं झाल्यावर त्यांना पटलं असेल. नाही. माणूस असा सहज पटत नाही, आणि ज्याच्यावर जीव टाकलाय त्याच्याविरुद्ध तर नाहीच. घरी आल्यावर आठ दिवसांत त्यांचं रडणं राग झालं. डॉक्टरीण शहरातली, तिला शेतीतलं काय कळतं? पावडरचा डबाच खराब असेल. माझ्यासमोर विहिरीवर उभं राहून त्यांनी तांब्याभर पाणी प्यायलं, दुसरा भरला, तोही प्यायला. "बघा! झालो का निळा? साठ वर्सांचा घोडा झालो हेच पानी पिऊन!" मी म्हटलं, "मामा, तुम्ही बाळ नाही." ते म्हणाले, "आनि तुमी शेतकरी नाय." मग माझाही तोल गेला. मी सांगून टाकलं की पाणी तपासून चांगलं निघेस्तोवर माझी बायको आणि मुलगी या घराची पायरी चढणार नाहीत. सुनीता मध्ये पडली नाही. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मी त्यांच्यादेखत बाटली भरली, बूच लावलं आणि तिघं आम्ही वाशिंदला निघून आलो.

ठाण्याच्या एका प्रयोगशाळेतून कागद आला. जेवढं चालतं त्याच्या कितीतरी पट नायट्रेट, म्हणजे पाण्यात उतरलेला तो दानाच. मी तो घेऊन एकटाच गेलो. सासरे सातवी शिकलेले. ओट्यावर बसून त्यांनी तो कागद बोट फिरवत दोनदा वाचला. इंग्रजी आकडा आणि त्यापुढचा मर्यादेचा आकडा, एवढं कळायला सातवी पुरते. मला वाटलं आता कागद फाडतील. त्यांनी त्याची घडी केली, तंबाखूच्या खिशात ठेवली आणि उठून विहिरीकडे गेले. सकाळचे नऊ वाजले असतील. वरच्या वाडीतल्या दहा-बारा बायका रहाटावर होत्या. सासऱ्यांनी दोर धरला आणि म्हणाले, "ह्यो पानी ल्हान पोरांना पाजू नका."

बायकांना वाटलं थट्टा. मग वाटलं, उन्हाळ्यात पाणी तोडतोय. एकजण म्हणाली, "दादा, आटली काय माया? भेंडीला कमी पडाया लागला?" दुसरी म्हणाली, "नको दिऊ, पन खोटा नको बोलू." ते ऐकून घेत उभे होते, मान खाली, दोर मुठीत. मी पुढं होऊन सांगणार होतो, पण त्यांनी मला हातानं थांबवलं. "खोटा नाय बायांनो. खराब हाय. मीच केला. मी दाना टाकला, टाकला, आनि तो खाली उतरला. माझी नात मराया आली होती. मोठ्यांनी प्या, ल्हानग्यांना नको." असं आपल्याच विहिरीवर, आपल्याच तोंडानं, सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ते बोलले. भर सभेत कुणाचा सत्कार होताना बघून मला कधी असं वाटलं नाही जसं त्या वेळी वाटलं.

बुधीबाई म्हणून एक म्हातारी होती, तिनं डोक्यावरचा हंडा खाली ठेवला. तिची सून बाळंतपणात गेली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती अगदी साध्या आवाजात, हकिकत सांगावी तसं म्हणाली, "माझी नात बी अशीच झाली होती दादा. मागल्या उन्हाळ्यात. शेळीच्या दुधात हाच पानी घालून पाजत होते मी. काळीनिळी झाली नि गेली. आमी म्हनलो, बाहेरचा काय तरी हाय."

ते बाळ पाण्यानंच गेलं का, हे आता कुणालाही सांगता येणार नव्हतं, डॉक्टरीणबाईंनाही नाही. म्हातारीनं दोष दिला नव्हता, तिला तसं म्हणायचंही नव्हतं बहुतेक. सासऱ्यांच्या हातातला दोर सुटला आणि बादली खाली आदळल्याचा आवाज बराच उशिरा आला. त्यांनी बुधीबाईच्या पायाला हात लावला. ती दचकून मागं सरली, "आरे, काय करतोस रे!"

त्या दिवसानंतर सासरे तेवढेच विक्षिप्त राहिले, फक्त विक्षिप्तपणाची दिशा बदलली. डोंगराच्या कुशीत एक झरा होता, शेतांच्या बराच वर. रोज पहाटे बैलगाडीवर पिंपं लादून ते तिथून पाणी आणत आणि ज्या ज्या घरात तान्हं मूल असेल तिथं एक कळशी ओतूनच पुढं जात. न विचारता घरात घुसत, पाळण्यातलं पोर उचलत, उजेडात नेऊन त्याची नखं बघत. नव्या आलेल्या सुना घाबरत. वाडीतली पोरं त्यांना 'नखवाले आजोबा' म्हणायला लागली. एखादी आई विहिरीचं पाणी पोराला पाजताना दिसली की तिची धडगत नसे. स्वतःसुद्धा त्यांनी विहिरीचं पाणी प्यायचं सोडलं. मी म्हटलं, मामा, तुम्हाला काही होत नाही त्यानं. म्हणाले, "मला ठाव हाय. पन आता घशाखाली नाय उतरत."

दाना सोडणं मात्र त्यांना फार जड गेलं. विहिरीजवळच्या वाफ्यांत त्यांनी तो बंद केला. बाकीच्या शेतात शेणखत घालून मुठीमुठीनं कमी केला. पहिल्या वर्षी भेंडी फिकट आली. सासरे एक आख्खा हंगाम ओट्यावर शेताकडे पाठ करून बसले. "बघवत नाय," म्हणायचे. सासूबाईंनी त्यांना एकदा परसात पुडीसकट पकडलं. चोरून तंबाखू खाणाऱ्या पोराला झापावं तसं झापलं, आणि त्यांनी पुडी मुकाट्यानं त्यांच्या हातात दिली. दर चैत्रात मी बाटली भरून ठाण्याला नेई. आकडा उतरे, पण किती हळू! जे वीस वर्षांत खाली गेलं ते वीस महिन्यांत थोडंच निघून जाणार होतं? सातव्या वर्षी कागद पहिल्यांदा मर्यादेच्या आत आला. मी नाचत गेलो. सासऱ्यांनी वाचला, घडी केली. "अजून एक वरीस थांबू." पुढच्या वर्षीही तेच. त्याच्याही पुढच्या वर्षी तेच.

सासरे आता नाहीत. त्यांची आठवण निघाली की घरातल्या सगळ्यांना मंडप आठवतो, दहाव्याचं लिंबाचं झाड आठवतं, आणि आम्ही हसतो. मला मात्र हसून झाल्यावर एक दुपार आठवते. आमची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची, आजोळी सुट्टीला आलेली. खेळून लाल होऊन ती आत आली आणि पाणी मागितलं. सासूबाई लग्नाला गेलेल्या. मी पिंपात तांब्या घातला तर तळ वाजला. बैलाचा पाय दुखावल्यामुळे त्या दिवशी झऱ्यावर गाडी गेलीच नव्हती. मी सासऱ्यांकडे बघितलं. "मामा, तीन वर्षं कागद चांगला येतोय."

त्यांनी तांब्या माझ्या हातातून घेतला आणि विहिरीकडे गेले. मी दारातून बघत होतो. त्यांनी पाणी काढलं, तांब्या विसळला, ओतून टाकलं, पुन्हा काढलं. मग तिथंच उभं राहून अर्धा तांब्या स्वतः प्यायले. नऊ वर्षांनी. ओठ पुसले आणि थोडा वेळ थांबले, कशाची वाट बघत होते कुणास ठाऊक. तेवढ्यात ती अंगणातून ओरडली, "आजोबा, द्या ना लवकर! माझा डाव आलाय!"

त्यांनी तांब्या पुन्हा भरून आणून दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरून घटाघटा रिकामा केला, हनुवटीवरचं पाणी बाहीला पुसलं आणि पळाली. संध्याकाळची एसटी गाठायला मी निघालो तेव्हाही सासरे ओट्यावर रिकामा तांब्या मांडीवर घेऊन बसले होते, आणि ती अंगणात जिकडं जाई तिकडं त्यांची मान वळत होती.